कॅडबरी नेमकी विकली कधी?

प्रश्न साधा होता, पण त्यावरून आमच्याकडे अख्खी दुपार गेली. ब्रिटनची कॅडबरी ही चॉकलेट कंपनी नेमकी कधी विकली गेली? माझे थोरले बंधू ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामगार संघटनेचं काम करून निवृत्त झालेले. माझी मुलगी कंपन्यांचं मूल्यांकन करणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरी करते. काका-पुतणीचं एकमेकांवर प्रेम भरपूर, एकमत मात्र कुठल्याच बाबतीत नाही. ज्या शहरात पोखरण रोडवर कॅडबरीचा कारखाना उभा राहिला आणि ज्याच्या महामार्गावरच्या नाक्याला लोक अजूनही कॅडबरी जंक्शनच म्हणतात, त्या ठाण्यात हा विषय निघणं तसं आश्चर्याचं नव्हे. मी मधे बसून टिपणं काढली. ती थोडी साफसूफ करून देतो आहे.

काका : यात वाद कसला? १९ जानेवारी २०१०. त्या दिवशी कॅडबरीच्या संचालक मंडळानं अमेरिकेच्या क्राफ्टपुढे मान तुकवली. शेअरमागे ८४० पेन्स, वर दहा पेन्स लाभांश. साडेअकरा अब्ज पौंडांचा सौदा. १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर जॉन कॅडबरीनं चहा, कॉफी आणि कोको विकायचं दुकान टाकलं होतं. ते शेवटी शिकागोजवळच्या एका चीजवाल्यांच्या खिशात गेलं.

पुतणी : तारीख बरोबर आहे, काका. पण ती पावती फाडल्याची तारीख. कंपनी हातातून गेली १९६२ साली.

काका : १९६२ ला काय झालं?

पुतणी : कॅडबरी शेअर बाजारात आली. तोवर मालकी घरातली होती. घरातल्या घरात, भावाकडून पुतण्याकडे. बाजारात शेअर आणला त्या दिवशी कुटुंबानं एक गोष्ट कबूल केली : जो पैसे मोजेल तो मालक. मग सात वर्षांनी, १९६९ मध्ये, श्वेप्सशी विलीनीकरण झालं. सोडा आणि टॉनिक वॉटरवाले ते. कुटुंबाचा हिस्सा आणखी पातळ झाला. घराण्यातला शेवटचा अध्यक्ष, सर डॉमिनिक कॅडबरी, २००० साली पायउतार झाला. क्राफ्ट आली तेव्हा कॅडबरी आडनावाच्या माणसांकडे विरोध करण्यापुरता आवाज होता, अडवण्यापुरती मतं नव्हती.

काका : म्हणजे चोर नऊ वर्षांनी, नव्वद वर्षांनी आला तरी दोष दार उघडं ठेवणाऱ्याचा?

पुतणी : चोर कशाला म्हणता? दारावर ‘विक्रीस आहे’ असा बोर्ड लावलेला होता आणि रोजचा भाव वर्तमानपत्रात छापून येत होता.

इथे मी तोंड घातलं आणि म्हटलं, की त्या कुटुंबाविषयी थोडं नीट बोलू या, नाहीतर दोघंही आपापल्या सोयीचं कुटुंब उभं कराल. कॅडबरी मंडळी क्वेकर पंथाची. इंग्लंडमधल्या प्रस्थापित चर्चबाहेरचे हे लोक. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ बंदच होती. म्हणून हुशार क्वेकर पोरं व्यापारात शिरली. दारूला पर्याय म्हणून कोको त्यांना धर्मालाही मानवला आणि धंद्यालाही. ब्रिस्टलमध्ये फ्राय, यॉर्कमध्ये राऊंट्री, बर्मिंगहॅममध्ये कॅडबरी. जॉनची मुलं रिचर्ड आणि जॉर्ज यांनी १८६१ मध्ये दुकान हाती घेतलं तेव्हा ते बुडायच्या बेतात होतं.

काका : आणि त्या दोघांनी १८७९ मध्ये शहराच्या धुरातून कारखाना बाहेर काढला. बोर्नव्हिलला. मोकळं माळरान, खेळाची मैदानं, पोहायचे तलाव. १८९५ पासून शेजारी घरं बांधायला घेतली, प्रत्येक घराला बाग. मी आयुष्यभर कामगारांच्या चाळी पाहिल्या, पोरी. बोर्नव्हिलची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कारखान्याशेजारची वस्ती वाटेचना. मालक समोर राहत होता, म्हणून हे झालं. ज्याला रविवारी त्याच रस्त्यानं प्रार्थनेला जायचंय तो कामगाराच्या छपरातून पाणी गळू देत नाही.

पुतणी : आणि साओ टोमे?

काका : ते येणार हे ठाऊक होतं मला.

पुतणी : येणारच. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचं पोर्तुगिजांचं बेट. तिथल्या कोकोच्या मळ्यांवर अंगोलातून आणलेली माणसं कागदोपत्री करारावर, प्रत्यक्षात गुलाम. कॅडबरीकडे याची कुणकुण १९०१ च्या सुमारास पोचली. माल घेणं थांबवलं १९०९ मध्ये. मधली सात-आठ वर्षं चौकशा, पत्रव्यवहार, शिष्टमंडळं. ‘स्टँडर्ड’ या वर्तमानपत्रानं ढोंगीपणाचा आरोप केला, कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्युरीनं निकाल त्यांच्या बाजूनं दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा! तेव्हा मालक गावातच राहत होता, काका. बाग असलेल्या गावात.

काका : फार्दिंगचं मी अमान्य करत नाही. पण ज्युरीनं फटकारावं एवढी लाज तरी त्या घराण्याला होती. आज चॉकलेटसाठी कोको कुठल्या मुलांनी तोडला हे विचारायचं तर मी कुणाच्या दारात जाऊ? पेन्शन फंडाच्या?

मला हा प्रश्न बिनतोड वाटला. मुलीला तसा वाटला नाही. ती म्हणाली, की पेन्शन फंडाच्या दारात जाणारे लोक आहेत आणि ते कुटुंबाच्या दारात जाणाऱ्यांपेक्षा जास्त कागद मागतात. यावर काकांनी फक्त चष्मा पुसला.

काका : बरं, २०१० कडे ये. समरडेल सांग.

पुतणी : तुम्हीच सांगा. तुमचा आवडता भाग.

काका : ब्रिस्टलजवळ केन्शम गावात समरडेल हा कारखाना. क्राफ्टनं बोली लावताना जाहीर केलं, की आम्हाला कंपनी मिळाली तर हा कारखाना चालू ठेवू. कामगारांना वाटलं, देव पावला. फेब्रुवारी २०१० च्या सुरुवातीला कंपनी ताब्यात आली आणि ९ फेब्रुवारीला, म्हणजे आठवड्याभरात, सांगितलं की जमणार नाही, बंद करतोय. चारशे माणसं. ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलनं क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला, संसदेच्या समितीपुढे अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली. कारखाना मात्र गेला तो गेलाच. मी स्वतः मालकांशी वाटाघाटींना बसलोय. पगारवाढ नाकारणारा मालक परवडतो, पण शब्द देऊन आठवड्यात फिरणारा नाही परवडत.

पुतणी : शब्द फिरवला हे शंभर टक्के खरं. पण समरडेल बंद करायचं कोणी ठरवलं होतं? २००७ मध्ये, खुद्द कॅडबरीनं. उत्पादन पोलंडला हलवायचं ठरलं, तिथे नवा कारखाना बांधूनही झाला होता. क्राफ्टनं मेलेल्याला जिवंत करायचं वचन दिलं आणि मग नाडी पाहिली. आणि मुळात समरडेल कोणाचं? फ्रायचं. खायच्या चॉकलेटची पहिली वडी १८४७ मध्ये ज्या फ्रायनं काढली, त्या कंपनीला १९१९ मध्ये कॅडबरीनं आपल्यात मिसळून घेतलं. केन्शमचे लोक कॅडबरीच्या नावानं रडले, पण त्यांचे आजोबा फ्रायचे कामगार होते. तुम्ही ज्याला मूळ मालक म्हणता तोही आधी कुणाला तरी गिळूनच बसलेला असतो.

काका : एकाच पंथाची दोन घरं एकत्र येणं वेगळं आणि अमेरिकेतून येऊन गिळणं वेगळं.

पुतणी : २००० साली टाटा टीनं इंग्लंडची टेटली घेतली, २७ कोटी १० लाख पौंडांना. टेटली म्हणजे १८३७ पासूनचं त्यांचं घरचं नाव. आकारानं टाटा टीपेक्षा कितीतरी मोठी कंपनी. त्या दिवशी तुम्ही पेढे वाटले होते, बाबांनी सांगितलंय मला.

पेढे वाटले नव्हते. पण अग्रलेख कापून ठेवला होता, हे मी साक्षीला सांगितलं. काका हसले. या एका मुद्द्यावर त्यांनी पुढे वाद घातला नाही. आपल्यातल्या बहुतेकांप्रमाणे त्यांनाही विकत घेणं हा पराक्रम वाटतो आणि विकलं जाणं हा अन्याय.

खरी रंगत आली ती या प्रश्नावर, की २०१० मध्ये ‘हो’ नेमकं म्हटलं कोणी. क्राफ्टची पहिली बोली सप्टेंबर २००९ ची, सव्वादहा अब्ज पौंडांच्या आसपासची. संचालक मंडळानं ती धुडकावली. अध्यक्ष रॉजर कार उघडपणे लढले. मग साडेचार महिन्यांत काय बदललं?

पुतणी : मालक बदलले. बोलीच्या आधी शेअर ५६८ पेन्सच्या आसपास होता. बोली आल्याबरोबर उसळला. ब्रिटनमधल्या ज्या विमा कंपन्या, पेन्शन फंड वर्षानुवर्षं कॅडबरी धरून होते त्यांनी विचार केला : सौदा झाला तर अजून थोडं मिळेल, मोडला तर भाव धाडकन खाली. मिळतंय ते घ्यावं. त्यांनी विकले. घेतले कोणी? हेज फंडांनी. त्यांचा हिस्सा ५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेला. त्यांना चॉकलेटशी घेणंदेणं नव्हतं, बोली यशस्वी व्हायला हवी होती, बस्स. त्या क्षणापासून कार लढत होते ते अशा मालकांसाठी, ज्यांना जिंकायचंच नव्हतं.

काका : म्हणजे तू माझीच बाजू मांडतेयस. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या लोकांनी १८६ वर्षांची कंपनी विकली.

पुतणी : नाही. मी म्हणतेय, की ज्यांना तुम्ही खरे मालक म्हणाल त्यांनीच आधी विकली. ब्रिटिश फंडांनी. त्यात शिक्षकांच्या पेन्शनचे पैसे असतील, नर्सचे असतील. नफा खिशात घातला, हात धुतले आणि मग वर्तमानपत्रात वाचून हळहळले. शेवटी फॉर्मवर सही हेज फंडाची, म्हणून शिव्या त्याला.

हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं आणि मला ते पटलं. २ फेब्रुवारी २०१० ला ७० टक्क्यांहून जास्त शेअर क्राफ्टच्या बाजूनं जमा झाले. त्यातला प्रत्येक शेअर काही महिन्यांपूर्वी अशा कुणाच्या तरी कपाटात होता, ज्याला चांगल्या भावात विकायचा पूर्ण अधिकार होता आणि ज्यानं एकट्यानं विकल्यानं काहीच बिघडणार नव्हतं.

काका : कायद्यानं काही केलं की नाही नंतर?

पुतणी : केलं. २०११ मध्ये टेकओव्हरचे नियम बदलले. आता घेणाऱ्यानं चार आठवड्यांत पक्की बोली लावायची नाहीतर गप्प बसायचं. कारखाने, नोकऱ्या यांबद्दल जे जाहीर केलं ते किमान वर्षभर पाळायचं. कार यांची सूचना याहून कडक होती : बोली सुरू असताना जे शेअर घेतील त्यांना त्या बोलीपुरतं मतच नको. ती सूचना मानली गेली नाही.

काका : का?

पुतणी : कारण मग शेअर विकत घेणाऱ्यांत दोन जाती झाल्या असत्या. आणि नवा घेणारा अर्धा मालक ठरला तर जुन्याला भाव कोण देणार?

काका : बघ, परत भावावर आलीस.

एक गमतीची गोष्ट दोघांच्याही हातून सुटत होती, म्हणून मी मधे घातली. सौदा क्राफ्टच्या बाजूनंही सगळ्यांना हवा होता असं नाही. क्राफ्टचा सर्वांत मोठा भागधारक वॉरन बफे. त्यानं सौद्यासाठी नवे शेअर काढायला जाहीर विरोध केला. क्राफ्टनं रोकड वाढवण्यासाठी आपला गोठवलेल्या पिझ्झाचा धंदा नेस्लेला ३.७ अब्ज डॉलरला विकला. कर्ज देणाऱ्या बँकांत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड होती, जिला ब्रिटिश करदात्यांनी नुकतंच बुडण्यापासून वाचवलं होतं. नेल्सन पेल्ट्झ नावाचा अमेरिकी गुंतवणूकदार आधी कॅडबरीत शिरला, पेयांचा धंदा वेगळा काढायला त्यानं भाग पाडलं; २००८ मध्ये ती फाळणी झाली आणि उरलेली कॅडबरी गिळायला सोपी झाली. हेच पेल्ट्झ क्राफ्टचेही भागधारक होते. आणि क्राफ्ट तरी कोण? १९८८ पासून २००७ पर्यंत फिलिप मॉरिस या सिगारेटवाल्यांची मालमत्ता. जेमतेम तीन वर्षांपूर्वी जी स्वतः मोकळी झाली होती तिनं कॅडबरी घेतली, आणि २०१२ मध्ये ती स्वतःही दुभंगली. चॉकलेट-बिस्किटांच्या अर्ध्या भागाचं नाव माँडेलीझ पडलं. आणखी एक विरोधाभास : संचालक मंडळांनी कसं वागावं याचा जगभर प्रमाण मानला गेलेला १९९२ चा अहवाल ‘कॅडबरी रिपोर्ट’ म्हणूनच ओळखला जातो. समितीचे अध्यक्ष सर एड्रियन कॅडबरी. म्हणजे कंपनी कशी चालवावी हे त्या घरानं जगाला शिकवलं. कोणाच्या हाती राहावी, हा त्या अहवालाचा विषयच नव्हता.

काका : मला एक सांग. बोर्नव्हिलची ती घरं, त्या बागा, त्यांचंही क्राफ्टच झालं?

पुतणी : नाही. आणि काका, हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. १९०० साली जॉर्ज कॅडबरीनं ती वस्ती कंपनीतूनही काढली आणि स्वतःच्या मालमत्तेतूनही. तीनशेच्या वर घरं आणि जमीन एका ट्रस्टला देऊन टाकली. भाड्याचा पैसा वस्तीतच वापरायचा. घरं फक्त कॅडबरीच्या कामगारांसाठी राखीवही नव्हती. क्राफ्ट आली, माँडेलीझ झाली, ट्रस्ट जागच्या जागी आहे. आज तो हजारो घरं सांभाळतो. माणूस तोच, काळ तोच. घरांबद्दल त्यानं ठरवलं की ती ट्रस्टच्या हाती सोपवायची. कारखान्याबद्दल घराण्यातल्या कुणीच तसं ठरवलं नाही.

काका : म्हणजे तो कारखानाही ट्रस्टमध्ये ठेवू शकला असता.

पुतणी : अमेरिकेत मिल्टन हर्शीनं तेच केलं. चॉकलेटचाच धंदा, गावालाही त्याचंच नाव. मूल नव्हतं, म्हणून १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे आपले कंपनीचे शेअर त्या शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकले. आजही मतांचा ताबा ट्रस्टकडे आहे. २०१६ मध्ये माँडेलीझनं हर्शीला २३ अब्ज डॉलरची बोली लावली. ट्रस्टशिवाय पान हलत नाही. बोली फेटाळली गेली.

काका : मग वाद मिटला! माझंच खरं. मालकी बाजारात ठेवू नये.

पुतणी : थांबा. २००२ मध्ये त्याच ट्रस्टला हर्शी विकायची होती. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, मुलांच्या पैशाची जोखीम कमी करू, हा विचार. रिग्लीची साडेबारा अब्ज डॉलरची बोली आली होती. अडवलं कोणी? गावानं, कामगारांनी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी. रस्त्यावर उतरले. राज्याचे ॲटर्नी जनरल कोर्टात गेले. ट्रस्टींना माघार घ्यावी लागली. म्हणजे ट्रस्ट असणं पुरलं नाही, त्याच्यामागे ओरडणारी माणसं लागली.

काका : ओरडायचं काम मी चाळीस वर्षं केलंय. पण ऐकू येईल इतक्या अंतरावर मालक असावा लागतो.

पुतणी : आणि सहकार? तुम्ही नेहमी म्हणता, सभासदांची मालकी हीच खरी. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याची गोष्ट मी तुमच्याकडूनच ऐकली. एका सभासदाला एक मत. बाहेरचा कुणी येऊन शेअर गोळा करू शकत नाही. मग या महाराष्ट्रातले इतके सहकारी कारखाने कर्जापायी लिलावात कसे निघाले? खासगी कसे झाले? तिथे तर कुठलीही क्राफ्ट नव्हती.

काका यावर बराच वेळ बोलले. त्यातलं छापण्याजोगं एवढंच, की तिथे कारखाना विकला गेला नाही, आधी आजारी पाडला गेला. मी आणखी तपशिलात शिरत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्यात नावं घ्यावी लागतील.

चहा झाल्यावर गाडी भारतात आली. कॅडबरीनं इथे १९४८ मध्ये कंपनी काढली. माल आयात करून विकायची, मग इथेच बनवू लागली. १९६५ पासून केरळात कोकोची लागवड करून घेतली. १९७३ चा परकीय चलनाचा कायदा, फेरा, आला तेव्हा परदेशी कंपन्यांपुढे दोन वाटा होत्या. कोका-कोला आणि आयबीएमनं गाशा गुंडाळला. कॅडबरीनं आपला हिस्सा कमी करून शेअर भारतीयांना विकले. ऐंशीच्या दशकात काही वर्षं तिचं नाव हिंदुस्तान कोको प्रॉडक्ट्स असंही होतं.

काका : तो काळ वेगळाच होता. मास्तर, बँकेतले कारकून, पोस्टातले लोक अर्ज भरायचे. सरकारनं कायदा करून मालकी खाली आणली. कोपऱ्यावरच्या दुकानात बरणीत ठेवलेल्या चॉकलेटचा आपणही एक मालक, असं बाळगायला काय हरकत होती?

पुतणी : हरकत काहीच नव्हती. पैसेही चांगले झाले.

काका : मग २००२ मध्ये काय झालं तेही सांग.

पुतणी : तोवर फेरा गेला होता, मूळ कंपनीचा हिस्सा परत वाढला होता. लंडननं खुला देकार दिला, शेअरला ५०० रुपये. बहुतेकांनी दिले. २००३ मध्ये बाजारातली नोंदणी संपली. दोन-अडीच टक्के लोक अडून बसले. २००९ मध्ये कंपनीनं भांडवल कमी करण्याची योजना आणली : उरलेल्यांचे शेअर रद्द, मोबदला १३४० रुपये. काही भागधारकांनी मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली. मूल्यांकन पुन्हा झालं, आकडा १७४३ वर गेला. त्यावरही वाद. शेवटी २०१४ मध्ये न्यायालयानं २०१४ रुपये ५० पैसे या भावानं योजनेला मान्यता दिली. म्हणजे बारा वर्षं जो थांबला त्याला ५०० चे चौपट मिळाले. छोट्या भागधारकाला कोर्टानं वाऱ्यावर सोडलं नाही, काका.

काका : सोडलं नाही. पण बाहेर काढलंच ना? ज्या ठरावानं काढायचं तो ठराव पास कोणी केला? ज्याच्याकडे साडेसत्त्याण्णव टक्के मतं होती त्यानंच. इंग्लंडात निदान प्रत्येकानं आपापला शेअर स्वतः विकला. तूच म्हणालीस, फंडांनी नफा पाहून विकला. इथे ज्याला विकायचाच नव्हता त्यालाही चेक घेऊन उठावं लागलं. तुझ्या सगळ्या सिद्धांतात मालक म्हणजे ज्याला विकायचा हक्क आहे तो. न विकायचा हक्क कुठे गेला?

पुतणी : एका मर्यादेच्या खाली तो राहत नाही. कायदा म्हणतो, इतक्या थोड्या लोकांसाठी कंपनीला अडवून ठेवता येणार नाही, फक्त त्यांना रास्त किंमत मिळाली पाहिजे.

काका : रास्त म्हणजे कोणती? बाजारातून नाव गेल्यावर भाव कुठला?

पुतणी : पुढच्या वर्षांतली कमाई अंदाजायची, ती आजच्या पैशात आणायची. व्याजाचा दर किती धरला, वाढ किती धरली, यावर आकडा हलतो. म्हणून तर १३४०, १७४३ आणि २०१४ असे तीन आकडे निघाले. तिन्हींमागे गणित होतं.

काका : त्या गणितात ती जाहिरात धरली होती का? क्रिकेटच्या मैदानात सुरक्षारक्षकाला हुलकावणी देऊन नाचत येणारी मुलगी. नव्वदच्या दशकात त्या जाहिरातीनं मोठ्या माणसांना चॉकलेट खायला लावलं. त्याआधी ती लहान पोरांची वस्तू होती. जाहिरात इथल्या लोकांना सुचली, त्यांनीच केली, पैसाही इथल्याच धंद्यातला. ते कुठे मोजलं?

पुतणी : विक्रीत आलं ते. जेवढी कमाई वाढली तेवढं.

काका : आणि नाव? नावाची किंमत?

पुतणी : नाव इथल्या कंपनीचं नव्हतं. ट्रेडमार्क मूळ कंपनीचा. इथली कंपनी तो वापरायचे पैसे त्यांना द्यायची.

काका : म्हणजे नाव मोठं करायचा खर्च इथे, आणि ते वापरायचं भाडंही इथूनच.

पुतणी : हो. सगळीकडे असंच चालतं. अमेरिकेत तर कॅडबरीची चॉकलेटं माँडेलीझ बनवतच नाही, १९८८ पासून हर्शी बनवते, परवान्यावर.

काका : ते असू दे. फेरात ज्यांनी शेअर घेतले ते लोक मग कशाचे मालक होते?

पुतणी : जमीन, यंत्रं, गोदामं आणि दर वर्षीच्या नफ्यातला वाटा.

काका : चॉकलेटचे नव्हतेच.

पुतणी : परवाना असेपर्यंत होते.

काका : आणि हे त्यांना अर्ज भरताना कोणी सांगितलं होतं?

पुतणी : माहितीपत्रकात असतं, काका. बारीक अक्षरात. तुम्ही संघटनेचे करार वाचायचात तसं वाचावं लागतं.

काकांनी मला चष्मा मागितला. घरात एका जुन्या कंपनीचं माहितीपत्रक कुठेतरी आहे, ते काढ म्हणाले. कॅडबरीचं नव्हे, दुसऱ्याच एका बिस्किटवाल्यांचं. ते सापडल्यावर दोघांनी मिळून पान सात उघडलं आणि ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे ते शोधू लागले. मला दोघांनीही जा म्हणून सांगितलं.